जुने कृष्णधवल चित्रपट रंगवावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फिल्म सोसायटीत जुना सिनेमा दाखवला की खेळ संपल्यावर चहा पिताना तेच ते प्रश्न निघतात. गेल्या काही वर्षांत त्यांची संख्या वाढली आहे, कारण आता मोबाइलवरही जुनी गाणी रंगवून मिळतात. ते प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. मी या बाबतीत तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

थोडक्यात सांगा, रंगवावेत की नाही?

मूळ चित्रपटाची जागा घेण्यासाठी रंगवू नयेत. मूळ प्रत नीट जपलेली असेल, ती कुणालाही सहज पाहता येत असेल आणि रंगीत आवृत्तीवर ‘ही नंतर रंगवलेली आहे’ असं ठळक लिहिलं असेल, तर कुणी हौसेने रंगवलं म्हणून मी भांडायला जाणार नाही. अडचण अशी की या तिन्ही अटी एकदम पाळल्या गेल्याचं फार क्वचित दिसतं. बहुतेक वेळा रंगीत आवृत्ती सगळीकडे मिळते आणि मूळ चित्रपट शोधत बसावं लागतं.

रंगवतात म्हणजे नेमकं काय करतात?

निगेटिव्ह किंवा उपलब्ध प्रिंट स्कॅन करतात, ओरखडे आणि धूळ साफ करतात. मग प्रत्येक शॉटमधली एक-दोन चित्रं निवडून त्यात चेहरा, केस, साडी, दार, आभाळ असे भाग वेगळे करतात आणि प्रत्येकाला रंग देतात. तो रंग शॉट संपेपर्यंत पुढच्या चित्रांवर नेण्याचं काम संगणक करतो. माणूस वळला, हात चेहऱ्यासमोर आला, पदर उडाला की रंग हद्द सोडतो, तिथे पुन्हा माणसालाच बसून दुरुस्ती करावी लागते. सेकंदाला २४ चित्रं धरली तर तीन तासांच्या चित्रपटात २,५९,२०० चित्रं होतात. काम प्रचंड आहे, आणि ते करणाऱ्या मुलामुलींच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही.

संगणकाला मूळ रंग कळतो का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. कृष्णधवल फिल्मवर फक्त एवढंच नोंदलं जातं की कुठून किती उजेड आला. एखादी लाल साडी आणि एखादी हिरवी साडी फिल्मवर अगदी सारख्या राखाडी उतरू शकतात. राखाडीवरून मागे जाऊन रंग काढायची वाटच नाही. त्यामुळे रंगवणारा अभ्यास करतो, संग्रहालयातले कपडे पाहतो, जुन्या माणसांना विचारतो आणि शेवटी अंदाज बांधतो.

यात आणखी एक मेख आहे. सुरुवातीच्या काळातल्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल काळं उतरायचं आणि निळं आभाळ पांढरंफटक. पुढे सगळे रंग टिपणारी फिल्म आली, तरी कपडे, रंगभूषा, सेट हे सगळं ‘फिल्मवर कसं उतरेल’ याच हिशेबाने निवडलं जाई. म्हणजे उद्या कुणाला एखाद्या जुन्या चित्रपटातली खरी साडी ट्रंकेत सापडली आणि ती निघाली भडक जांभळी, तरी पडद्यावर ती जांभळी दाखवणं चूकच ठरेल. ती जांभळी असावी असं दिग्दर्शकाच्या मनातच नव्हतं. त्याला त्या जागी एक विशिष्ट राखाडी हवी होती आणि ती त्या साडीतून मिळत होती.

माझं आवडतं उदाहरण घरचंच आहे. प्रभातचा ‘कुंकू’ १९३७ चा. चित्रपटाच्या नावातच लाल रंग आहे आणि सबंध चित्रपटात लाल रंगाचा एक ठिपकाही नाही. शांता आपटे यांच्या कपाळावरचं कुंकू गडद दिसतं आणि तरी बघणाऱ्याला ते लाल वाटतं, कारण कुंकू म्हणजे काय हे प्रत्येकाला घरातून माहीत आहे. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेल्या त्या पोरीच्या कपाळावर ते कुंकू केव्हा शोभतं आणि केव्हा टोचतं, हे आपण आपल्या मनाने ठरवतो. उद्या कुणी तिथे लाल ठिपका ठेवला, तर तो लाल कुठल्या छटेचा, हे रंगवणारा आपल्यासाठी ठरवून टाकेल.

पण तेव्हा रंगीत फिल्म नव्हतीच. तो नाइलाज होता ना?

अर्धं खरं आहे. रंगीत फिल्म परदेशातून यायची, महाग होती, आणि टेक्निकलर या रंगीत पद्धतीच्या प्रिंट काढायच्या तर लंडन गाठावं लागे. अनेक निर्मात्यांनी केवळ पैशांअभावी कृष्णधवल चित्रपट काढले, हे मान्य.

पण उरलेला अर्धा भाग फारसा कुणाला माहीत नसतो. रंगाचा प्रयत्न आपल्याकडे फार लवकर झाला आणि तो मराठी माणसांनी केला. प्रभातच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढण्यासाठी शांतारामबापू थेट जर्मनीला गेले. साल १९३३. रंग मनासारखे उतरले नाहीत. चार वर्षांनी मुंबईत अर्देशीर इराणींनी ‘किसान कन्या’ रंगीत काढला. प्रभातने मात्र रंगाचा नाद सोडून पुन्हा उजेड-अंधारावर काम सुरू केलं आणि त्यातून ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ आले. शांतारामबापूंनी पुढे १९५५ मध्ये ‘झनक झनक पायल बाजे’ मनमुराद रंगीत केला. रंग हाती आल्यावर हा माणूस रंगाशी कसा खेळतो, ते तिथे दिसतं. त्याच्या कृष्णधवल चित्रपटांत आपण आपले रंग भरले, तर ते त्याचे नसतील हेही तिथेच दिसतं.

सत्यजित राय यांचं उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. १९६२ मध्ये त्यांनी ‘कांचनजंघा’ रंगीत केला. दार्जिलिंगचं धुकं आणि ऊन त्यांना रंगात हवं होतं. त्यानंतर ‘महानगर’, ‘चारुलता’, ‘नायक’ पुन्हा कृष्णधवल. रंग काय असतो ते पाहून, वापरून, मग बाजूला ठेवलेला आहे. याला नाइलाज कसं म्हणायचं?

आणि जिथे खरंच नाइलाज होता, तिथेही त्या मर्यादेत माणसांनी काय केलं ते बघा. ‘कागज़ के फूल’मध्ये छायालेखक व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांनी स्टुडिओत आणलं. रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा तो उजेडाचा झोत, त्यात तरंगणारे धूलिकण, आणि झोताच्या दोन बाजूंना उभी असलेली दोन माणसं. त्या दृश्याला हळदुल्या भिंती आणि निळा कोट दिला तर बघणाऱ्याची नजर भिंतीवर जाईल, कोटावर जाईल. झोत मागे पडेल. मूर्तींना पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला तो आयुष्यभराच्या अशा कामासाठी, आणि छायालेखकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग ‘मुघल-ए-आझम’चं काय? तो तर रंगीत छान दिसतो.

हा प्रश्न आला की मला सावकाश उत्तर द्यावं लागतं, कारण रंगवण्याच्या बाजूने याहून भक्कम उदाहरण नाही.

के. आसिफ यांचा हा चित्रपट तयार व्हायला वर्षानुवर्षं लागली आणि १९६० मध्ये तो पडद्यावर आला. दरम्यान रंग आवाक्यात आला होता, म्हणून शीशमहालातलं ‘प्यार किया तो डरना क्या’ आणि शेवटचा काही भाग टेक्निकलरमध्ये चित्रित झाला. तो पाहून आसिफ यांना सगळाच चित्रपट नव्याने रंगीत करायचा होता. पैसा लावणाऱ्यांचा धीर मात्र संपला होता. म्हणजे इथे दिग्दर्शकाची इच्छा माहीत आहे. २००४ च्या दिवाळीत, १२ नोव्हेंबरला, संपूर्ण रंगीत आवृत्ती थिएटरात आली. त्यासाठी आधी निगेटिव्ह साफ केली गेली, रंगांचा अभ्यास झाला, ध्वनी नव्याने बांधला आणि त्यात खुद्द नौशाद यांचा सहभाग होता. काम निष्काळजीपणे झालं असं कुणीही म्हणू शकणार नाही. ज्या पिढीने हा चित्रपट फक्त टीव्हीवर तुकड्यातुकड्याने पाहिला होता, तिला तो मोठ्या पडद्यावर बघायला मिळाला, हेही मोठंच.

तरीही काय गेलं ते सांगतो. मूळ चित्रपटात आपण दीड-दोन तास काळ्या-पांढऱ्या दरबारात बसलेलो असतो. अकबराचा हुकूम चालतो अशी ती दुनिया. मग अनारकली भर दरबारात सांगते की प्रेम केलं तर भ्यायचं कशाला, आणि त्या क्षणी पडदा रंगाने उजळतो. आरशांच्या तुकड्यातुकड्यात ती दिसते. बंड आणि रंग एकदम येतात. आसिफ यांनी हे ठरवून केलं की योगायोगाने घडलं, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. १९६० च्या प्रेक्षकाने ते असं अनुभवलं. सगळाच चित्रपट रंगीत केल्यावर शीशमहाल आधीच्या दृश्यांसारखाच एक रंगीत सेट होतो. शिवाय रंगीत आवृत्तीची लांबीही कमी केली आहे.

माझ्या आईने तो लहानपणी थिएटरात पाहिला होता. २००४ मध्ये आम्ही तिला रंगीत आवृत्तीला घेऊन गेलो. तिला आवडला, गाण्यांबरोबर ती पुटपुटतही होती. घरी येताना म्हणाली, “त्या गाण्याला तेव्हा सगळं थेटर ओरडलं होतं रे. आज कुणी ओरडलं नाही.”

निर्मात्याने किंवा कलाकारानेच स्वतः रंगवून घेतला तर?

तसंही झालं आहे. बी. आर. चोप्रा यांच्या हयातीतच ‘नया दौर’ २००७ मध्ये रंगीत आला. ‘हम दोनो’ २०११ च्या फेब्रुवारीत रंगीत प्रदर्शित झाला तेव्हा देव आनंद स्वतः उत्साहाने पुढे होते. तेलुगूत ‘मायाबझार’ २०१० मध्ये रंगीत झाला. ज्याची निर्मिती आहे त्याला दुसरी आवृत्ती काढायचा हक्क मी नाकारत नाही. एवढंच की चित्रपट एकट्या निर्मात्याचा नसतो. छायालेखकाला, कलादिग्दर्शकाला कुणी विचारलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा ते विचारायला उरलेलेही नसतात.

अमेरिकेत यावरून एवढा गदारोळ कशासाठी झाला होता?

१९८६ मध्ये टीव्ही-उद्योजक टेड टर्नर यांनी एमजीएम ही हॉलीवूडची चित्रपट कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर हजारो जुन्या चित्रपटांचा साठा त्यांच्या हाती आला. टीव्हीवर रंगीत चित्रपटाला प्रेक्षक जास्त, म्हणून त्यांनी एकामागून एक रंगवायला घेतले. ‘द माल्टीज फाल्कन’चे दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन तेव्हा आजारी होते, तरी त्यांनी जाहीर निषेध केला. १९८७ मध्ये वूडी ॲलन, सिडनी पोलॅक ही दिग्दर्शक मंडळी थेट सिनेटच्या समितीपुढे साक्षीला गेली. त्यातून १९८८ चा कायदा आला: दरवर्षी २५ महत्त्वाचे चित्रपट राष्ट्रीय यादीत घ्यायचे आणि त्यातला एखादा रंगवला किंवा कापला असेल तर तसं प्रेक्षकाला सांगायचं. ‘सिटिझन केन’ वाचला तो वेगळ्याच कारणाने. त्याचे दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांच्या जुन्या करारामुळे टर्नर यांच्या कंपनीला १९८९ मध्ये माघार घ्यावी लागली.

फ्रान्सने तर याहून पुढचं पाऊल टाकलं. ह्यूस्टन यांचा १९५० चा ‘द ॲस्फाल्ट जंगल’ तिथली एक वाहिनी रंगीत दाखवणार होती. ह्यूस्टन तोवर वारले होते, वारस कोर्टात गेले. १९९१ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कृतीच्या अखंडतेचा हक्क तिच्या कर्त्याचाच, मग करार कुठल्याही देशात झालेला असो. अमेरिकेत जे थांबवता आलं नसतं, ते पॅरिसमध्ये थांबलं.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. आपल्या कृतीची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला धक्का लागत असेल तर कर्त्याला दाद मागता येते. ऐकायला हे फ्रान्ससारखंच वाटतं. पण आपल्या कायद्यात चित्रपटाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता. दिग्दर्शक नाही, छायालेखक तर नाहीच. त्यामुळे निर्मात्यानेच रंगवायचं ठरवलं तर बाकीच्यांच्या हातात फारसं काही उरत नाही.

दुसरी गोष्ट मुदतीची. चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० च्या चित्रपटांची मुदत २०२० अखेर संपली. गीत, संगीत, कथा यांचे हक्क वेगळे मोजले जातात, तेव्हा प्रत्यक्ष काही करायचं असेल तर जाणकार वकिलाला विचारा. पण दिशा स्पष्ट आहे. पन्नाशीच्या दशकातला आपला सगळा सुवर्णकाळ आता मालकाविना उघडा पडला आहे, आणि तो कुणी कसा रंगवावा यावर फारसा अंकुश नाही. निदान लेबल लावण्याची सक्ती तरी आपल्याकडे व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

रंगवलेला चित्रपट टीव्हीवर रंग शून्य करून बघितला तर मूळच दिसेल ना?

नाही. रंग बसावा म्हणून बहुतेकदा उजळ-गडदपणही बदललेला असतो. सावल्या उघडलेल्या असतात. रंग काढलात की हाती उरते ती फिकी, सपाट राखाडी.

रिस्टोरेशन आणि रंगवणं यात फरक काय? दोन्हींत जुन्याला नवंच करतात की.

काळ्या पाषाणाचं जुनं देऊळ डोळ्यांसमोर आणा. ढासळलेला दगड तशाच दगडाने बसवणं, चुन्याने भेगा भरणं, शिखरावर उगवलेला पिंपळ काढणं हा जीर्णोद्धार. त्याच देवळाला गावकऱ्यांनी भक्तिभावाने गुलाबी-पिवळा ऑइलपेंट दिलेलाही आपण जागोजागी पाहतो. भक्ती खरीच असते. पण कोरीव कामाची सावली त्या रंगाखाली बुजते, कारण ते काम कारागिराने उन्हाच्या तिरिपीसाठी कोरलेलं असतं. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे थर काढल्यावर आतलं मूळ रूप समोर आलं, तेव्हा महाराष्ट्रभर लोक हरखून ते फोटो बघत होते. मला रिस्टोरेशनबद्दल बोलताना तेच आठवतं.

चित्रपटात हे कसं होतं ते ‘पथेर पांचाली’वरून कळतं. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली आणि राय यांच्या अपू-त्रयीच्या, म्हणजे ‘पथेर पांचाली’ आणि त्यापुढच्या दोन चित्रपटांच्या, मूळ निगेटिव्ह जळाल्या. करपलेली, वाकलेली रिळं फेकून न देता जपून ठेवली गेली. पुढे इटलीत बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी त्यातलं जेवढं वाचवता येईल तेवढं हाताने वाचवलं, उरलेलं इतर प्रतींवरून घेतलं, आणि २०१५ मध्ये तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले. कुणी एक रंगही भरला नाही. काशफुलांच्या रानातून धावणारी ती दोन मुलं आणि लांबून येणारी आगगाडी, सगळं होतं तसं.

माझी खरी तळमळ इथे आहे. १९५० पर्यंतच्या बहुतेक चित्रपटांची फिल्म नायट्रेटची. ती भडकन पेटते. त्यानंतरच्या फिल्मला दमट हवेत व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो आणि ती आकसत जाते. कित्येक रिळं तर त्यातली चांदी काढण्यासाठी भंगारात विकली गेली. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, त्याची एकही प्रत आज ज्ञात नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी आयुष्य घालून गावोगावची रिळं गोळा केली, म्हणून फाळक्यांच्या चित्रपटांचे निदान तुकडे तरी आपल्याला दिसतात. २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेटच्या साठ्याला आग लागली आणि त्यातलंही बरंच गेलं. अशा परिस्थितीत रंगवण्यावर खर्च झालेला प्रत्येक रुपया बघून माझ्या मनात एकच विचार येतो: या पैशात आणखी किती रिळं वाचली असती?

जगातले पहिले मूकपट हाताने रंगवायचेच की. मग आता का नको?

ते चित्रपट काढणाऱ्यांनीच, त्याच वेळी, रंगवून घेतले होते. फ्रेंच दिग्दर्शक मेलिएसच्या १९०२ च्या चंद्रावरच्या सफरीच्या चित्रपटाच्या प्रती पॅरिसमधल्या बायका कुंचल्याने एकेक चित्र धरून रंगवत. रात्रीसाठी निळी आणि दिव्याच्या उजेडासाठी पिवळसर छटा देण्याचीही पद्धत होती. अशा चित्रपटाची रंगीत प्रत सापडली तर ती रंगीतच जपली पाहिजे. ते रंग मूळ कामातलेच आहेत.

युद्धाची किंवा जुन्या शहरांची चित्रफीत रंगवायला तरी हरकत नसावी?

इथे मी थोडा नरमतो. पीटर जॅक्सन यांनी २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धातली चित्रणं रंगवून, वेग सुधारून एक माहितीपट केला. खंदकातली ती पोरं अचानक शेजारच्या घरातली वाटायला लागतात. तिथे कुणा छायालेखकाने सावल्यांची रचना केलेली नव्हती. धोका एवढाच की बघणारा त्या रंगांना पुरावा मानतो. गणवेश कुठला होता ते तपासता येतं. त्या दिवशीच्या चिखलाचा रंग कुणाला तपासता येत नाही.

आता एआय फुकटात रंगवून देतं. आजोबांच्या लग्नाचा फोटो रंगवला तर बिघडलं कुठे?

काहीच नाही, खुशाल रंगवा. मूळ फोटो मात्र फेकू नका आणि रंगीत प्रतीच्या मागे तारीख घालून लिहून ठेवा की हे रंग यंत्राने भरलेत. नाहीतर पन्नास वर्षांनी तुमची नात सांगेल की खापरपणजीचा शालू मोरपंखी होता. एआयने लाखो चित्रं बघून ‘अशा जागी बहुधा असा रंग असतो’ एवढंच शिकलेलं असतं. नऊवारी, खण, इरकल, पैठणी यांचे रंग त्याला फारसे माहीत नसतात, म्हणून आपल्या बायकांच्या अंगावर ते हमखास मळकट निळं-तपकिरी काहीतरी चढवतं.

घरातली मुलं काळं-पांढरं दिसलं की उठून जातात. त्यांना कसं बसवायचं?

मुलं रंग नाही म्हणून उठतात, यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही. आमच्या लहानपणी घरातला टीव्हीच कृष्णधवल होता. रंगीत चित्रपटही आम्ही तसेच पाहिले, आणि काही घरांत पडद्यावर वर निळा, खाली हिरवा असा प्लॅस्टिकचा कागद लावलेला असायचा, त्यात नायिकेचं कपाळ निळं दिसायचं. तरी हलत नव्हतो. आजची मुलं कंटाळतात ती बहुधा अंधुक, खरखरणाऱ्या, कडा कापलेल्या प्रतीला. चांगली रिस्टोअर केलेली प्रत मोठ्या पडद्यावर, खोली अंधारी करून लावा आणि मोबाइल बाहेर ठेवा.

माझ्या नऊ वर्षांच्या भाचीला मी ‘संत तुकाराम’ लावून दिला होता. पहिली दहा मिनिटं ती चुळबुळत होती. मग तुकोबांची आवली आली, तिची ती भांडणं, ते देवावर ओरडणं, आणि पोरगी खुदकन हसली. नंतर मांडी घालून बसली ती शेवटी तुकोबा वैकुंठाला निघेपर्यंत उठली नाही. संपल्यावर तिने विचारलं, “मामा, आवली त्यांच्याबरोबर का नाही गेली?” रंगाबद्दल तिने काही विचारलं नाही.